शेतीच्या दुरुस्तीसाठी वेल्डिंग आणि कटिंग : संच निवडताना काय पाहावे?

कोल्हापूरच्या मातीत ऊस आणि लोखंड ही दोन्ही पिके जोडीनेच वाढली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही. पंचगंगेच्या खोऱ्यात उपसा सिंचनासाठी ऑइल इंजिने आली, गुऱ्हाळांसाठी चरक आले आणि त्यांची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींच्या हातांतूनच पुढे शिवाजी उद्यमनगरातील कारखानदारी उभी राहिली. तिकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळरानावर कारखाना थाटून लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या हाती दिला. लाकडी औजार मोडले तर गावचा सुतार ते सांधत असे. लोखंडी औजाराबरोबर मात्र एक नवा प्रश्न आला : ते मोडल्यावर सांधायचे कोणी आणि कशाने?

गेल्या काही दशकांत या प्रश्नाचे उत्तर गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांनी दिले. तथापि, गळीत हंगामाच्या तोंडावर सगळ्यांच्याच ट्रॉल्या एकदम दुरुस्तीला येतात, वापसा आल्यावर सगळ्यांचेच कुळव आणि रोटाव्हेटर एकाच आठवड्यात चालतात आणि एकाच आठवड्यात मोडतात. अशा वेळी दहा मिनिटांच्या कामासाठी दोन दिवसांचा खोळंबा होतो. ऊसतोड मजुरांची टोळी फडात उभी असताना किंवा पेरणीची ओल उडून चाललेली असताना या दोन दिवसांची किंमत वेल्डिंगच्या बिलाच्या कितीतरी पट असते. त्यातच पाच-सहा किलो वजनाची इन्व्हर्टर वेल्डिंग यंत्रे साधारणपणे दहा हजार रुपयांच्या आसपास मिळू लागल्याने, शहरात नोकरी-व्यवसाय सांभाळून गावची शेती पाहणारी मंडळीही असा संच घरी ठेवण्याचा विचार करू लागली आहेत. दुकानात गेल्यावर मात्र अँपिअरच्या आकड्यांनी गोंधळ उडतो आणि मोठा आकडा म्हणजे चांगले यंत्र, या समजुतीने खरेदी होते. या खरेदीपूर्वी ज्या गोष्टींचा विचार व्हायला हवा, त्यांचा हा परामर्श.

आधी कामांची यादी

यंत्र निवडण्यापूर्वी आपल्या शेतावर गेल्या दोन-तीन वर्षांत नेमके काय मोडले, याची यादी करणे हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग होय. सर्वसाधारण बागायती शेतावर ही यादी अशी निघते : कुळवाच्या आणि नांगराच्या सांगाड्याला गेलेले तडे, ट्रॉलीच्या फाळक्याच्या बिजागऱ्या, गोठ्याचे आणि शेडचे अँगल, फाटकाचे पाइप, पंपाच्या फाउंडेशनची चौकट, फवारणी यंत्राचे स्टँड, चारा कापणी यंत्राचे पाय. यांपैकी बहुतेक कामे ३ ते १० मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादाची, म्हणजे बाजारात ज्याला ‘एमएस’ म्हणतात त्या धातूची असतात. पत्र्याची कामे त्याहून पातळ, तर ट्रॅक्टरच्या अवजड औजारांची त्याहून जाड.

या यादीतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे शेतावरील पाऊणहून अधिक कामांना १२० ते १४० अँपिअर पुरतात. दुसरी म्हणजे काही कामे अशी असतात की, ती कितीही चांगले यंत्र असले तरी घरी करूच नयेत. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

वीज : निवडीचा खरा पाया

वेल्डिंग यंत्राच्या निवडीत सर्वांत दुर्लक्षिलेला आणि सर्वांत निर्णायक घटक म्हणजे वीज. साधे गणित पाहावे. ३.१५ मिलिमीटरच्या रॉडने १२० अँपिअरवर काम करताना ठिणगीच्या ठिकाणी सुमारे २५ व्होल्टचा दाब असतो. म्हणजे प्रत्यक्ष कामी येणारी शक्ती सुमारे ३ किलोवॅट. यंत्रातील घट आणि पॉवर फॅक्टर लक्षात घेता, साध्या इन्व्हर्टर यंत्राला त्यासाठी सुमारे ५ केव्हीए लागतात. २३० व्होल्टवर याचा अर्थ २२ अँपिअरच्या जवळपास विद्युतप्रवाह. घरातील मोठा सॉकेट १६ अँपिअरचा असतो. साहजिकच तो तापतो, वितळतो आणि प्रसंगी पेट घेतो. २.५ मिलिमीटरच्या रॉडवर ८० अँपिअरने काम केल्यास हाच भार १३-१४ अँपिअरवर येतो आणि तो १६ अँपिअरच्या चांगल्या सॉकेटला झेपतो. जाड रॉड वापरायचा असेल तर मीटरपासून स्वतंत्र तार, ३२ अँपिअरचा एमसीबी आणि औद्योगिक पद्धतीचा सॉकेट बसवून घेणे अपरिहार्य आहे. त्यासोबत ३० मिलिअँपिअरचा गळती रोधक ब्रेकरही बसवावा.

गावाकडे सायंकाळी दाब १८० व्होल्टपर्यंत उतरणे नवे नाही. अशा वेळी तेवढ्याच कामासाठी यंत्र २८ अँपिअरच्या आसपास खेचू लागते. कमी दाबामुळे ठिणगी तुटते, रॉड चिकटतो आणि दोष मात्र रॉडला किंवा हाताला दिला जातो. म्हणून इन्व्हर्टर यंत्र घेताना ते किमान किती व्होल्टपर्यंत चालते, हे पाटीवर वाचून घ्यावे. १६० व्होल्टपासून चालणारी यंत्रे बाजारात उपलब्ध आहेत.

अंतराचाही विचार हवा. घरापासून शेड ५० मीटर दूर असेल आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली, तर २२ अँपिअरवर १६ व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत ही घट १० व्होल्टवर आणि ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे ७ व्होल्टवर येते. म्हणजे तारेवर वाचवलेला पैसा वेल्डच्या दर्जातून वसूल होतो.

शेतावरील पंपाच्या जोडणीवर वेल्डिंग यंत्र चालवण्याची प्रथा सर्रास दिसते. ती कायद्याला धरून नाही. कृषिपंपाचा सवलतीचा दर ठरावीक वापरासाठीच असतो. मंजूर कारणाव्यतिरिक्त वापर हा वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीने होऊ शकते. तारेवर आकडा टाकून केलेला वापर तर कलम १३५ खालील वीजचोरीच होय. घरच्या दुरुस्त्यांपलीकडे पैसे घेऊन इतरांची कामे करायची असतील, तर महावितरणच्या शाखा कार्यालयातून योग्य वर्गवारीची जोडणी घेणे हाच सरळ मार्ग आहे.

अलीकडे सौर कृषिपंप बसवलेल्या शेतकऱ्यांची यात वेगळीच अडचण होते. पंपाचा सौर नियंत्रक पंपाच्या मोटारीसाठी बनवलेला असतो आणि त्यावर वेल्डिंग यंत्र चालत नाही. अशा शेतावर जनरेटरखेरीज पर्याय नाही. १२० अँपिअरच्या कामासाठी वरील गणिताने ५ केव्हीए लागत असले, तरी ठिणगी पडतानाचा झटका सोसण्यासाठी ७.५ केव्हीएचा जनरेटर घेणे इष्ट. छोट्या पोर्टेबल जनरेटरवर २.५ मिलिमीटरच्या रॉडपलीकडे जाऊ नये.

वेल्डिंग यंत्राचे प्रकार

ट्रान्स्फॉर्मर यंत्र : गावच्या दुकानात दिसणारा, चाकांवर ढकलला जाणारा जड डबा म्हणजे हे यंत्र. आत तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची गुंडाळी आणि तेलाने किंवा हवेने होणारे थंडावण, एवढीच त्याची रचना. धूळ, पाऊस, हयगय यांना ते फारसे जुमानत नाही. गुंडाळी जळाली तर मोटर रिवाइंडिंग करणारा कोणताही कारागीर ती नव्याने भरू शकतो. मात्र त्याचे वजन मोठे, पॉवर फॅक्टर वाईट आणि विजेची ओढ जास्त. ते सुरू होताच आजूबाजूचे दिवे मंदावतात ते यामुळेच. थ्री फेज जोडणी असलेल्या आणि रोज काम करणाऱ्या दुकानासाठी ते आजही उपयुक्त आहे. घरगुती जोडणीवरच्या शेतकऱ्यासाठी ते सोयीचे नाही.

इन्व्हर्टर यंत्र : यात विजेची वारंवारता इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वाढवली जाते. त्यामुळे ट्रान्स्फॉर्मर लहान होतो आणि यंत्र खांद्यावर अडकवून नेता येते. प्रवाह एकदिश, म्हणजे डीसी असल्याने ठिणगी स्थिर राहते आणि नवशिक्याचाही हात लवकर बसतो. शेतावरील दुरुस्तीसाठी आज हीच पहिली पसंती ठरावी. त्याचे शत्रू दोन : एक, ग्राइंडरची लोखंडी भुकटी. ती पंख्यातून आत जाऊन सर्किटवर बसते. दुसरा, विजेच्या दाबातील अचानक उसळी. ग्राइंडिंग करताना यंत्र दूर ठेवणे आणि महिन्यातून एकदा, वीज काढून, हवेने झाडून घेणे एवढी काळजी घेतल्यास ते वर्षानुवर्षे चालते. सर्किट बोर्ड बिघडल्यास मात्र गावात दुरुस्ती होत नाही. म्हणून ज्या कंपनीचे सेवा केंद्र कोल्हापुरात वा सांगलीत आहे तिचेच यंत्र घ्यावे. काही हजारांची बचत पुण्याच्या दोन खेपांत संपते.

मिग यंत्र : यात रॉडऐवजी रिळावरील बारीक तार अखंड पुढे सरकते आणि कार्बन डायऑक्साइड किंवा मिश्र वायूचे आवरण तिचे रक्षण करते. पातळ पत्र्यासाठी आणि सलग कामासाठी ते उत्तम. परंतु उघड्या माळावर वाऱ्याने वायूचे आवरण उडून जाते, वेल्डमध्ये छिद्रे पडतात आणि सिलिंडरचा व्याप वेगळाच. बंदिस्त शेड आणि भरपूर काम असेल तरच त्याचा विचार करावा.

गॅस वेल्डिंग : ऑक्सिजन आणि अॅसिटिलीनच्या ज्योतीने पत्रा, पाइप सांधणे किंवा पितळेने जोडणे ही जुनी आणि आजही मोलाची कला आहे. शेतकऱ्याने ती घरी बाळगण्यापेक्षा गरजेनुसार मिस्त्रीकडे जाणे श्रेयस्कर.

यंत्राच्या पाटीवरील ‘ड्यूटी सायकल’ हा शब्द खरेदीपूर्वी समजून घ्यावा. २०० अँपिअरवर ६० टक्के, याचा अर्थ १० मिनिटांच्या चक्रात २०० अँपिअरने ६ मिनिटे काम आणि ४ मिनिटे विश्रांती. स्वस्त यंत्रावर मोठ्या अक्षरांत २०० वा २५० छापलेले असते आणि ड्यूटी सायकलचा उल्लेखच नसतो, किंवा ती अगदी २०-३० टक्के असते. ज्या यंत्राच्या पाटीवर १४० अँपिअरला ६० टक्के वा त्याहून अधिक लिहिले आहे, ते शेतकऱ्याला पुरते. हे आकडे ४० अंश तापमान गृहीत धरून ठरवलेले असतात. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली ती मर्यादा सहज गाठली जाते, हेही लक्षात असू द्यावे.

रॉड : अर्धे यश

यंत्रावर हजारो रुपये खर्च करून रॉड मात्र दुकानदार देईल तो घेणे, ही सार्वत्रिक चूक आहे. रॉडच्या डब्यावरील ‘ई ६०१३’ या संकेतातील ६० म्हणजे वेल्डची ताणशक्ती प्रति चौरस इंच किमान ६० हजार पौंड. त्यानंतरचा १ म्हणजे सर्व दिशांनी, उभ्या किंवा डोक्यावरच्या कामालाही चालणारा. शेवटचा अंक लेपाचा प्रकार सांगतो. भारतीय मानक आयएस ८१४ मध्येही साध्या पोलादाच्या रॉडचे असेच वर्गीकरण आहे.

६०१३ हा शेतकऱ्याचा रोजचा रॉड. सहज पेटतो, खपली सहज निघते. ७०१८ हा कमी हायड्रोजनचा रॉड अधिक मजबूत आणि धक्के सोसणारा. नांगराच्या सांगाड्यासारख्या ताण पडणाऱ्या जाड कामासाठी तो वापरावा. तो डीसी यंत्रावर, होल्डर धन टोकाला जोडून चांगला चालतो. प्रवाहाचा अंदाज असा : २.५ मिलिमीटरला ६० ते ९०, ३.१५ ला ९० ते १३०, ४ ला १४० ते १८० अँपिअर.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात रॉडचा लेप ओल धरतो. ओला रॉड तडतडतो, वेल्डमध्ये छिद्रे पडतात आणि ७०१८ च्या बाबतीत तर जोडाला आतून तडे जाऊ शकतात. म्हणून फोडलेला डबा हवाबंद बरणीत ठेवावा. ६०१३ चे दमट रॉड सुमारे १०० अंशांवर तासभर तापवून पुन्हा वापरता येतात. ७०१८ ला मात्र ३०० अंशांच्या वर भाजावे लागते, जे घरी साधत नाही. म्हणून ते लागतील तेवढेच, लहान पाकिटात घ्यावेत.

धातू ओळखल्याशिवाय ठिणगी नको

सगळे लोखंड सारखे नसते. पंपाचे केसिंग, जुन्या चरकाचे दाते, पुली हे भाग बहुधा बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात. त्यावर साधा रॉड ओढला की वेल्ड थंड होताना ‘टक्’ असा आवाज येतो आणि शेजारीच नवा तडा उमटतो. बिडासाठी निकेलचा खास रॉड लागतो. आधी तुकडा तापवून, इंचभराचे छोटे टाके घालून, प्रत्येक टाका गरम असतानाच हातोडीने हलका ठोकून, शेवटी राखेत किंवा कोरड्या वाळूत हळूहळू थंड होऊ द्यावा लागतो. निकेलचा रॉड महाग असतो. त्यामुळे ज्या शहरात ओतकामाचा धंदा इतका मोठा आहे, तेथे पंपाचे केसिंग सांधण्यापेक्षा नवे घेणे पुष्कळदा स्वस्त पडते.

जुन्या कमानीच्या पाट्यापासून कुळवाची फास किंवा फाळ बनवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. या पोलादात कर्बाचे प्रमाण अधिक असते. ते थंड अवस्थेत वेल्ड केल्यास जोडालगतचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो. असे काम करण्यापूर्वी तुकडा २०० ते ३०० अंशांपर्यंत तापवून ७०१८ वापरावा आणि पाणी मारून थंड करण्याचा मोह टाळावा. रोटाव्हेटरची पाती तर उष्णता प्रक्रिया केलेल्या बोरॉन पोलादाची असतात. मोडलेले पाते सांधून पुन्हा लावल्यास ते फिरत्या अवस्थेत सुटून माणसाच्या अंगावर येऊ शकते. पाते बदलणे हाच उपाय.

धातू ओळखण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. ग्राइंडरवर तुकडा टेकवावा. साध्या पोलादाच्या ठिणग्या लांब, पिवळसर आणि कमी फुटणाऱ्या, जास्त कर्बाच्या पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या दाट फुटणाऱ्या, तर बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर असतात.

गुऱ्हाळाच्या काहिलीबाबत विशेष दक्षता हवी. स्टेनलेस स्टीलच्या काहिलीला ३०८एल जातीचाच रॉड वापरावा, अन्यथा जोड गंजतो. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केल्यास जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो हुंगल्यास त्याच दिवशी थंडी वाजून ताप येतो. असा मुलामा जोडाच्या दोन्ही बाजूंनी घासून काढावा आणि काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता आडवे उभे राहून करावे.

कापण्याची साधने

वेल्डिंगइतकाच, किंबहुना त्याहून जास्त वेळ कापण्यात आणि घासण्यात जातो. येथे चार पायऱ्या आहेत.

पहिली पायरी हॅक्सॉ आणि चांगली पाती. वीज नसतानाही चालणारे हे साधन बाद समजू नये.

दुसरी पायरी अँगल ग्राइंडर. चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटरचा ग्राइंडर हा शेतावरील सर्वांत कामाचा आणि सर्वांत धोकादायक सोबती. त्याच्या चकतीवर १५,३०० फेरे प्रतिमिनिट अशी कमाल मर्यादा छापलेली असते, तर सात इंची चकतीवर ८,५०० फेरे. गार्ड काढून लहान ग्राइंडरवर मोठी चकती बसवण्याचा जो प्रकार दिसतो, तो म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त वेगाने चकतीचा स्फोट ओढवून घेणे. कापण्याच्या पातळ चकतीच्या कडेने घासू नये, ओलसर वा टवका उडालेली चकती फेकून द्यावी आणि मधल्या धातूच्या कडीवर छापलेली मुदत पाहावी. शक्य तर पाच इंची ग्राइंडर घ्यावा. थोडे पैसे जास्त पडतात, पण कापण्याची खोली आणि ताकद दोन्ही वाढतात.

तिसरी पायरी चॉप सॉ. चौदा इंची चकतीचे हे यंत्र अँगल, चॅनेल, पाइप काटकोनात आणि एकसारखे कापते. शेड, फाटक, कुंपण अशी नवी कामे करणाऱ्यालाच ते परवडते. केवळ दुरुस्तीसाठी त्याची गरज नाही.

चौथी पायरी गॅस कटिंग किंवा प्लाझ्मा. गॅस कटिंगमध्ये लोखंड लालबुंद तापवून त्यावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडला जातो आणि लोखंड अक्षरशः जळून कापले जाते. म्हणूनच साधे पोलाद २५ मिलिमीटरचेही सहज कापले जाते, पण बीड, स्टेनलेस स्टील आणि अॅल्युमिनियम या पद्धतीने नीट कापता येत नाहीत. प्लाझ्मा यंत्राला हे बंधन नाही. ४० अँपिअरचे यंत्र १० मिलिमीटरपर्यंतचा कोणताही धातू स्वच्छ कापते. मात्र त्याला कोरड्या हवेचा भरवशाचा कॉम्प्रेसर आणि मजबूत वीज लागते.

गॅस संच घ्यायचाच असेल तर काही नियम अटळ आहेत. ऑक्सिजनचे सिलिंडर काळे, अॅसिटिलीनचे मरून रंगाचे. अॅसिटिलीनचे सिलिंडर नेहमी उभे ठेवावे. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल वा ग्रीसचा बोटही लागू देऊ नये, कारण दाबाखालील ऑक्सिजनमध्ये तेल स्वतःहून पेटते. ज्योत उलटी नळीत शिरू नये म्हणून दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर बसवावेत. अॅसिटिलीनऐवजी एलपीजी वापरणे स्वस्त पडते, परंतु त्यासाठी घरगुती १४.२ किलोचे सिलिंडर वापरण्यास कायद्याने मनाई आहे. व्यावसायिक सिलिंडरच घ्यावे लागते.

जे घरी करू नये

ट्रॉलीचा ड्रॉबार, हुक आणि पिन, चाकाची डिस्क, आसाचे बेअरिंग हाउसिंग, ट्रॅक्टरच्या पीटीओचा शाफ्ट, स्टेअरिंगचे दांडे, हायड्रॉलिकचे सिलिंडर आणि दाबाखालील टाक्या यांना घरच्या वेल्डिंगचा हात लावू नये. गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरमागे रात्रीच्या अंधारात रस्त्यावरून धावतात. त्यांतील एक हुक चढावर तुटला, तर मागची ट्रॉली उताराने परत येते आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला सावरायलाही वेळ मिळत नाही. बाहेरून सुबक दिसणारा वेल्ड आतून पोकळ असू शकतो, आणि तो पोकळपणा डोळ्यांना दिसत नाही. असे भाग बदलावेत किंवा अनुभवी मिस्त्रीकडून, योग्य तयारीनेच सांधावेत.

डिझेल, रॉकेल, कीटकनाशक यांचे रिकामे बॅरल कापण्याचा मोहही असाच जीवघेणा ठरतो. रिकाम्या बॅरलमधील वाफ हीच खरी स्फोटक. भरलेल्या बॅरलपेक्षा रिकामे अधिक धोक्याचे, हे ध्यानात ठेवावे.

सुरक्षेचा खर्च संचातच धरावा

वेल्डिंगच्या प्रकाशातील अतिनील किरणांनी डोळ्यांना होणारी इजा तत्काळ जाणवत नाही. सहा-आठ तासांनी, मध्यरात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचू लागते. घरगुती उपायांवर विसंबण्याऐवजी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. दहा वा अकरा क्रमांकाची काच असलेला मुखवटा आवश्यकच आहे. हातात धरायच्या ढालीऐवजी आपोआप काळी होणारी काच असलेले हेल्मेट घेतल्यास दोन्ही हात मोकळे राहतात आणि जवळ उभ्या असलेल्या पोरासोरांनाही ‘बघू नका’ असे वेळेवर सांगता येते. ग्राइंडिंगसाठी स्वतंत्र पारदर्शक चष्मा, चामडी हातमोजे, सुती कपडे आणि बंद बूट हवेत. नायलॉनचा शर्ट ठिणगीने कातडीला चिकटतो.

वेल्डिंगचा दाब फक्त ६०-८० व्होल्ट असतो म्हणून तो निरुपद्रवी समजू नये. घामाने ओल्या अंगाला, चिखलात उभ्या असलेल्या माणसाला तो पुरेसा असतो. पावसात वेल्डिंग करू नये. ट्रॅक्टरवर किंवा ट्रॅक्टरला जोडलेल्या औजारावर वेल्डिंग करताना बॅटरीची जोडणी काढावी आणि अर्थिंगचा क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावावा. तो दूर लावल्यास प्रवाह बेअरिंगमधून जाऊन त्याचे गोळे खराब करतो.

फडाच्या कडेला काम करताना वाळलेला पाला ही सर्वांत मोठी भीती. ग्राइंडरची ठिणगी काही मीटर उडते आणि पाचटात धुमसत राहते. जागा झाडून, पाणी मारून, बादलीभर पाणी शेजारी ठेवूनच सुरुवात करावी आणि काम संपल्यावर अर्धा तास तेथून हलू नये. उभा ऊस पेटला तर शेजाऱ्याच्या फडालाही आग लागते आणि वर्षाची कमाई तासाभरात जाते.

महापुराचा धडा

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनी नदीकाठच्या गावांतील मोटारी, स्टार्टर आणि यंत्रे पाण्याखाली नेली. राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. नदीकाठच्या शेडमध्ये संच ठेवणाऱ्यांनी इशारा पातळीच्या आधीच तो माडीवर हलवावा. हलके इन्व्हर्टर यंत्र येथेही उपयोगी पडते. बुडालेले यंत्र वाळले म्हणून लगेच जोडू नये. तज्ज्ञांकडून उघडून, धुऊन, वाळवून, इन्सुलेशन तपासूनच वापरावे. बुडालेले रॉड आणि चकत्या टाकूनच द्याव्यात. सिलिंडर वाहून जाऊ नयेत म्हणून साखळीने बांधलेले असावेत आणि पूर ओसरल्यावर पुरवठादाराकडून त्यांची तपासणी करून घ्यावी.

तीन प्रकारचे संच

वरील विवेचनाचा गोषवारा असा. दोन-चार एकर शेती, घरगुती जोडणी आणि केवळ किरकोळ दुरुस्ती असेल, तर १४० अँपिअरवर चांगली ड्यूटी सायकल असलेले इन्व्हर्टर यंत्र, पाच इंची ग्राइंडर, हॅक्सॉ, ६०१३ चे २.५ आणि ३.१५ मिलिमीटरचे रॉड, हेल्मेट, मोजे आणि स्वतंत्र वायरिंग एवढे पुरते. स्वतःचा ट्रॅक्टर आणि चार-पाच औजारे असतील, तर २०० अँपिअरला ६० टक्के ड्यूटी सायकलचे यंत्र, ७०१८ रॉड, चॉप सॉ आणि एक भक्कम व्हाइस जोडावा. अनेक शेतकऱ्यांनी मिळून, गटाच्या वा सोसायटीच्या माध्यमातून शेड उभारले, तरच थ्री फेज जोडणी, गॅस कटिंग किंवा प्लाझ्मा यांचा खर्च वाजवी ठरतो.

कोणताही संच घेतला तरी तो चालवणारा हात तयार व्हायला हवा. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये वेल्डर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. घरातील तरुणाने तो केला, तर शेताचे काम भागून गावात एक व्यवसायही उभा राहतो. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी भंगारातील पट्ट्यांवर महिनाभर सराव करावा. दोन पट्ट्या सांधून त्या व्हाइसमध्ये धरून हातोडीने वाकवाव्यात. जोड तुटला तर तुटलेल्या जागी आत शिरलेली खपली, छिद्रे, न वितळलेली कड स्पष्ट दिसते. या चाचणीत दहा पट्ट्यांपैकी दहाही न तुटता वाकल्या, तर औजाराला हात लावण्यास हरकत नाही. तोवर गावच्या मिस्त्रीच्या दुकानात दोन दिवस थांबणे हेच अधिक स्वस्त, आणि अधिक सुरक्षित.